स्प्रिंटरला शेवटच्या २०० मीटरपर्यंत नेऊन सोडणारी माणसं

वाऱ्याची_दिशा

सायकल शर्यतींतल्या सपाट टप्प्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकते: चार तास नुसतेच चालवतात आणि शेवटच्या मिनिटात सगळे सुटतात, त्यात बघायचं काय? मला हे टप्पे मनापासून आवडतात, म्हणून हा धागा.

स्प्रिंट जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो. त्याच्या पुढे वारा खात गेलेला माणूस त्या फोटोत नसतो, असला तर मागे मान खाली घालून बसलेला असतो. मला त्याच्याबद्दल बोलायचंय. आणि त्याच्याही आधी ज्यांनी काम संपवलं त्यांच्याबद्दल.

चर्चेसाठी प्रश्न: २०१८ पासून टूर दी फ्रान्समध्ये संघ ९ ऐवजी ८ जणांचा झाला. त्यात पिवळ्या जर्सीसाठी, म्हणजे एकूण विजेतेपदासाठी, लढणारा गडी असेल तर डोंगरातले मदतनीस हवेत, मग स्प्रिंटरच्या वाट्याला दोन-तीन माणसं उरतात. चार-पाच जणांची लांबलचक लीड-आऊट ट्रेन, म्हणजे स्प्रिंटरला ओढत नेणाऱ्या सोबत्यांची रांग, आता जुनी गोष्ट झाली का? माझं मत असं की झाली, आणि त्यानं बिघडलं काही नाही. शेवटचा एक माणूस अव्वल असला की पुरतं. २०२३ मध्ये माथ्यू व्हान डर पूलने यास्पर फिलिपसनला ज्या तऱ्हेने नेलं ते आठवा. चार टप्पे आणि गुणांची हिरवी जर्सी.

तुम्हाला काय वाटतं?

मागचं_चाक

धागा काढल्याबद्दल आभार. मी हौशी पातळीवर काही वर्षं शर्यती केल्या आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्यासाठी ओढण्यात गेल्या. व्यावसायिकांचा वेग आमच्या स्वप्नातही नव्हता, पण कामाची जात तीच. म्हणून तुमच्या मताशी अर्धाच सहमत.

आधी नवीन वाचकांसाठी ट्रेनमध्ये कोण काय करतं ते सांगतो. शेवटच्या किलोमीटरची लाल कमान, जिला फ्रेंचमध्ये फ्लाम रूज म्हणतात, तिच्या थोडं आधी चार माणसांची रांग पुढे आहे असं धरा. पहिला माणूस १.२ किलोमीटरच्या आसपास संपतो आणि बाजूला होतो. दुसरा ५०० मीटरपर्यंत नेतो. मग येतो शेवटचा माणूस, म्हणजे पायलट. तो ५०० पासून २०० किंवा १५० मीटरपर्यंत ओढतो. त्याच्या चाकामागे स्प्रिंटर. ताशी ६० किलोमीटर धरले तर दुसऱ्या माणसाला ४२ सेकंद काम, पायलटला १८ ते २१, आणि स्प्रिंटरला १२ सेकंद.

कागदावर सोपं दिसतं. पण पहिल्या माणसाने पाच सेकंद आधी हात टेकले तर सगळ्यांचं काम पाच सेकंदांनी पुढे सरकतं, आणि ती पाच सेकंदं शेवटी स्प्रिंटरच्या पायांतून वसूल होतात. २०० ऐवजी २८० मीटरवर त्याला वाऱ्यात यावं लागतं. टीव्हीवर दिसतं की तो शेवटच्या २० मीटरमध्ये मंदावला. चूक दीड किलोमीटर मागे झालेली असते.

म्हणून फक्त शेवटचा माणूस अव्वल असून भागत नाही. त्याला ५०० मीटरच्या खुणेपर्यंत ताजा कोण आणून देणार?

आकडेमोड

मागचं_चाक यांच्या म्हणण्याला थोडा हिशेबाचा टेकू देतो.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे ६० वरून ६६ वर जायचं, वेग १० टक्के वाढवायचा, तर हवेसाठी लागणारी शक्ती ३३ टक्के वाढते. ताशी ६० ला सर्वांत पुढच्या माणसाला साधारण ७०० ते ७५० वॉट लागतात. अगदी मागच्या चाकाला चिकटलेल्याला त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाचतो. स्प्रिंटरचा शिखरावरचा जोर १,४०० ते १,६०० वॉटच्या घरात जातो, पण तो काही सेकंदच टिकतो. ती शिल्लक शेवटपर्यंत हात न लावता ठेवणं हेच सगळं काम.

ट्रेनचा दुसरा उपयोग फारसा कुणी सांगत नाही. चार सायकलींची रांग सुमारे ८ मीटर लांब असते. ती ६० ने चालली असेल आणि प्रतिस्पर्ध्याला बाजूने ६४ ने पुढे यायचं असेल, तर नुसती ती रांग ओलांडायला सात सेकंदांहून जास्त लागतात, तेही उघड्या वाऱ्यात. पुढे पोचेपर्यंत तो रिकामा होतो. चांगली ट्रेन वेगानेच बाकीच्यांना मागे बसवून ठेवते. हे काम एकटा पायलट २० सेकंद करू शकतो, दोन मिनिटं नाही करू शकत.

निळीसायकल

नवीन आहे, चुकलं तर सांगा. मग स्प्रिंटरने स्वतःच्या संघाची माणसं दमवण्यापेक्षा दुसऱ्याच्या ट्रेनमागे का बसू नये? फुकटचा आडोसा!

पेडल_पुराण

निळीसायकल, चुकलेलं काही नाही. असे लोक झाले आहेत आणि मोठे झाले आहेत.

ऑस्ट्रेलियाचा रॉबी मॅकइवन. टूरचे १२ टप्पे, हिरवी जर्सी तीनदा: २००२, २००४, २००६. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर उडी मारत शेवटच्या किलोमीटरमध्ये वर यायचं हे त्याचं कसब. पीटर सागानने सात वेळा हिरवी जर्सी घेतली, तीही बहुतेक वेळा लांब ट्रेनशिवाय. आणि ३ जुलै २०२४ ला सॅं-व्ह्युल्बामध्ये ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने टूरचा ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला, तेव्हाही शेवटी तो स्वतःच्या माणसामागून सुटला नव्हता. गर्दीत इकडचं चाक सोड, तिकडचं धर असं करत तो फिलिपसनच्या मागे आला आणि तिथून बाहेर पडला. वय ३९.

पण यातली अडचण बघा. दुसऱ्याच्या ट्रेनमागची जागा एकच आणि ती हवी असलेले पंधरा जण. तिथे खांद्याला खांदा घासतो. शिवाय ती ट्रेन कधी सुटणार, कुठल्या बाजूने वळणार हे आपल्या हातात नाही. पुढचा माणूस कठड्याकडे सरकला की आपण कोंडले गेलो. पायांत जोर आहे आणि जायला वाट नाही, यासारखं दुःख स्प्रिंटरला दुसरं नसेल.

आणि मॅकइवनचंच उदाहरण उलटं करून सांगतो. २००७ च्या टूरचा पहिला टप्पा, लंडन ते कॅंटरबरी. शेवटाला सुमारे २० किलोमीटर असताना तो पडला. संघातली माणसं थांबली आणि त्याला ओढत पुन्हा बंचमध्ये, म्हणजे मुख्य घोळक्यात, आणून सोडलं. त्याने टप्पा जिंकला. ट्रेनशिवाय जिंकणारा म्हणून ज्याचं नाव घेतो, तोही त्या दिवशी सोबत्यांशिवाय कुठेच नव्हता.

घाटरस्ता

आता माझी तक्रार. सगळे शेवटच्या किलोमीटरवर अडकलात. स्प्रिंटरसाठी काम सुरू होतं शून्याव्या किलोमीटरपासून.

सुरुवातीला चार-पाच जण पळून जातात. स्प्रिंटरवाल्या संघांना हे हवंच असतं, फक्त त्या गटात कोण आणि किती जण आहेत ते बघून. मग प्रत्येक इच्छुक संघ एकेक माणूस पुढे लावतो आणि ते दोघं-तिघं तासन् तास बंच ओढतात. बेल्जियमचा टिम डेक्लेर्क यासाठीच ओळखला जायचा, त्याला 'एल ट्रॅक्टर' म्हणायचे. डोकं खाली, वारा तोंडावर, दीडशेहून जास्त माणसं मागे. त्याचं नाव निकालात शोधायला खूप खाली जावं लागायचं.

पळालेल्यांना किती सूट द्यायची याचा जुना आडाखा आहे, फ्रेंच समालोचक रोबेर शापात याच्या नावाने ओळखला जाणारा: एक मिनिट भरून काढायला बंचला दहा किलोमीटर लागतात. ३० किलोमीटर राहिले आणि अंतर तीन मिनिटांच्या वर असेल तर काळजी. आज संघांकडे वाऱ्याचा अंदाज आणि रस्त्याचा नकाशा आधीच असतो, त्यामुळे हिशेब जास्त बारीक होतो, पण आडाखा अजून कामाला येतो.

लवकर पकडणं हीसुद्धा चूकच. ४० किलोमीटर राहिलेले असताना पकडलं की लगेच नवे ताज्या पायांचे हल्ले सुरू होतात आणि पुन्हा पाठलाग करायला माणसं जाळावी लागतात. पळालेल्यांना ३०-४० सेकंदांवर लटकत ठेवायचं आणि शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये गिळायचं. यात कधी कधी जीव घशाशी येतो. २०२१ मध्ये फूझेरच्या टप्प्यावर ब्रेंट व्हान मूर एकटा पुढे होता आणि रेषा अगदी समोर दिसत असताना पकडला गेला. त्याच्या बाजूने कॅव्हेंडिश गेला. त्या दिवशी मला व्हान मूरचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

आणि डोंगर! स्प्रिंटरचा मोठा प्रश्न जिंकणं नसून उरणं हा असतो. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत पोचलं नाही तर घरी. डोंगरी टप्प्यांत मागे राहिलेल्यांचा गट बनतो, ग्रुपेत्तो, आणि तिथे स्प्रिंटरचे सोबती त्याच्यासाठी वेग मोजून चालवतात. ९ जुलै २०१७, शांबेरीचा टप्पा. आर्नो देमार आजारी होता. देलाज, गुआर्निएरी आणि कोनोवालोवास त्याच्यासोबत मागे थांबले. चौघेही वेळेबाहेर, चौघेही शर्यतीतून बाद. त्या तिघांनी पुढे निघून जायचं ठरवलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी शर्यतीत असते. कुणी त्यांना दोषही दिला नसता, पण ते गेले नाहीत.

लीड-आऊट म्हणजे माझ्या लेखी हे.

वाऱ्याची_दिशा

घाटरस्ता, शांबेरीची आठवण काढलीत आणि गलबलून आलं. तो टप्पा मी पाहिला होता, पण त्या वेळी सगळं लक्ष पुढच्या उतारावरच्या अपघातांवर होतं. मागे काय चाललंय ते संध्याकाळी कळलं.

तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही. चार तास ओढणारा एक आणि डोंगरात सोबत करणारे दोन, हे सगळ्यांनाच लागतात. मी फक्त शेवटच्या तीन किलोमीटरमधल्या लांब रांगेबद्दल म्हणतेय.

पेडल_पुराण

मग लांब रांगेचा थोडा इतिहास, म्हणजे काय हरवलंय ते कळेल.

पन्नास-साठच्या दशकात बेल्जियमच्या रिक व्हान लोयसाठी फाएमा संघाच्या लाल जर्सीवाल्यांनी पुढे रांग धरायला सुरुवात केली, त्यांना 'लाल पहारा' म्हणत. ट्रेनचं आजचं रूप पक्कं केलं ते नव्वदीत साएको संघाने, मारिओ चिपोलिनीसाठी. पुन्हा लालच जर्सी. १९९९ च्या टूरमध्ये चिपोलिनीने सलग चार टप्पे जिंकले. त्यातल्या ब्ल्वाच्या टप्प्याचा सरासरी वेग ताशी ५०.३५५ किलोमीटर होता. मग आलेस्सांद्रो पेताकी आणि फासा बोर्तोलो: २००४ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, एकट्याने नऊ टप्पे.

पण माझ्या लेखी कळस म्हणजे एचटीसी संघ. कॅव्हेंडिशच्या पुढे मार्क रेनशॉ, त्याच्या पुढे टोनी मार्टिनसारखा टाइम ट्रायलवाला (एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवण्यात पटाईत), जॉर्ज हिंकॅपी, बर्नहार्ड आयझेल. २००९ मध्ये सहा टप्पे. पॅरिसला शां-झेलिझेवर शेवटच्या वळणातून रेनशॉ आणि कॅव्हेंडिश असे बाहेर पडले की मागचे सगळे दुसऱ्याच शर्यतीत असावेत असं वाटलं. कॅव्हेंडिश पहिला, रेनशॉ दुसरा. पायलट दुसरा यावा यापेक्षा मोठी पावती काय?

वाऱ्याची_दिशा, हे एका माणसाच्या बळावर झालं नसतं.

केडन्स_९०

असंच २०२१ ला कार्कासॉनलाही झालं. कॅव्हेंडिश पहिला, त्याचा पायलट मिकेल मॉर्कोव्ह दुसरा. त्या दिवशी ३४ ची बरोबरी झाली.

पेडल_पुराण

अगदी बरोबर. आणि २००७ ला गेंटमध्ये तर पायलटच जिंकला! खेर्ट स्टीगमन्स टॉम बूनेनला नेत होता, बूनेन त्याच्या बाजूने पुढे यायचा राहिला आणि स्टीगमन्सने रेषा आधी ओलांडली.

मागचं_चाक

मॉर्कोव्हचं नाव निघालं म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. उत्तम पायलट बहुतेक वेळा ट्रॅकवरून येतात. मॉर्कोव्ह मॅडिसनचा, म्हणजे जोडीने खेळायच्या ट्रॅक शर्यतीचा, ऑलिंपिक विजेता, टोकियोचा. इटलीचा स्प्रिंटर योनाथन मिलानचा पायलट सिमोने कोन्सोन्नी आणि खुद्द मिलान दोघेही टोकियोत इटलीच्या सुवर्णपदक विजेत्या टीम पर्सूट चमूत होते. टीम पर्सूट म्हणजे काय? पुढच्या चाकापासून वितभर अंतर ठेवून ताशी साठच्या वर चालवायचं, ब्रेक नाही, आणि पुढे आल्यावर वेग जराही वाढवायचा नाही, जराही कमी करायचा नाही.

हे शेवटचं फार अवघड आहे. नवखा माणूस पुढे आला की उत्साहात जोर लावतो. मागे जागा पडते. स्प्रिंटरला ती जागा भरायला एक छोटी उडी मारावी लागते आणि त्याच्या जपून ठेवलेल्या शिलकीतून पैसा गेला. मी हेच करायचो. आमच्या संघातला स्प्रिंटर शर्यतीनंतर मला म्हणाला होता, "तू मला नेत नव्हतास, माझ्यापासून पळत होतास." ते वाक्य अजून डोक्यात आहे. तेव्हापासून मी पायांपेक्षा कानांनी चालवायला शिकलो: मागच्या चाकाचा आवाज येतोय ना, त्याचा श्वास येतोय ना. त्या गोंगाटात रेडिओवरचं काही ऐकू येत नाही. स्प्रिंटर ओरडतो तेवढंच.

आणि पायलटला नुसता वेग नको, नजर हवी. मॉर्कोव्ह बघितलात तर बराच वेळ तो पुढे नसतोच. दहाव्या-पंधराव्या क्रमांकावर, मागे कॅव्हेंडिश. दुसऱ्यांच्या ट्रेन एकमेकींशी भांडत दमू देतो आणि ७००-८०० मीटरवर एक फट दिसली की त्यातून दोघे वर येतात. इथे मी वाऱ्याची_दिशा यांना थोडा झुकतो. ही लांब रांग नव्हे. ही दोन माणसं आणि एकमेकांवरचा पूर्ण भरवसा आहे. फट स्प्रिंटरने बघायचीच नाही, त्याने फक्त पुढचं चाक बघायचं.

निळीसायकल

मग लांब ट्रेन तोट्याची ठरते असंही होतं का?

मागचं_चाक

होतं, आणि आजकाल जास्त होतं. कारण आता सहा-सात संघांकडे ट्रेन आहेत. त्यात पिवळ्या जर्सीवाले संघही शेवटच्या ३ किलोमीटरपर्यंत पुढेच राहायला बघतात, कारण त्या खुणेनंतर पडलं किंवा पंक्चर झालं तर गटाचीच वेळ मिळते. २०२४ पासून काही टप्प्यांना ही हद्द ५ किलोमीटरपर्यंत वाढवता येते. ती खूण ओलांडली की ते मागे सरकतात आणि एकदम जागा मोकळी होते. जी ट्रेन त्याआधी चार किलोमीटर रस्त्यासाठी भांडत राहिली तिची माणसं जळून गेलेली असतात. जी थोडी मागे थांबली ती लाटेसारखी बाजूने वर येते. पुढे फार लवकर पोचलेली ट्रेन गिळली जाते, आणि एकदा गिळली गेली की शेवटच्या किलोमीटरमध्ये परत रांग लावता येत नाही.

मात्र शेवटी आडवीतिडवी वळणं असतील तर गणित उलटं. शेवटचं वळण ३५० मीटरवर असेल तर तिथे पहिल्या तिघांत शिरावंच लागतं. मागच्याला ब्रेक लावून पुन्हा वेग घ्यावा लागतो. अशा दिवशी मी डोळे झाकून लांब ट्रेनवर पैज लावेन.

आकडेमोड

वाऱ्याचंही आहे. समोरून वारा असेल तर स्प्रिंटर १५० मीटरपर्यंत थांबतो, पाठीवर असेल तर २५०-३०० पासूनही सुटता येतं. म्हणजे पायलटची शेवटची खूण त्या दिवशीच्या वाऱ्यावर हलते. डावीकडून वारा येत असेल तर हुशार पायलट उजव्या कठड्याजवळून नेतो, म्हणजे मागच्यांना आडोसा घ्यायला जागाच उरत नाही. फक्त आपल्या स्प्रिंटरला बाहेर पडायला वाट ठेवायला विसरायचं नाही!

आणि एवढं सगळं करून कधी निकाल किती बारीक लागतो ते बघा: २०१७, न्वी-सॅं-जॉर्ज. मार्सेल किटलने एडवाल्ड बोआसन हागनला ६ मिलिमीटरने हरवलं.

गिअर_अकरा

मला लंडन ऑलिंपिकबद्दल बोलायचंय, कारण तिथे 'अव्वल माणसं असली की झालं' हे म्हणणं साफ कोसळलं.

२०११, कोपनहेगन, जागतिक स्पर्धा. ब्रिटनच्या आठ जणांनी जवळजवळ दिवसभर शर्यत पुढून ओढली. शेवटी रांग विस्कटली तरी कॅव्हेंडिश फट शोधून निघाला आणि जिंकला. दुसऱ्या वर्षी लंडन. कॅव्हेंडिशसोबत कोण? नुकतीच टूर जिंकलेला ब्रॅडली विगिन्स, टूरमध्ये दुसरा आलेला ख्रिस फ्रूम, डेव्हिड मिलर, इयान स्टॅनर्ड. यापेक्षा ताकदवान चौकडी कुठून आणणार? पण संघ पाचच जणांचा, रेडिओ नाही, बॉक्स हिलची चढण नऊ वेळा. आणि सगळ्यांना माहीत की शेवटी एकत्र आलो तर कॅव्हेंडिश जिंकणार. मग दुसऱ्या देशांनी ओढायला हातभार का लावावा? पुढे मोठा गट निघून गेला, तो हाती लागलाच नाही. व्हिनोकुरोव जिंकला, कॅव्हेंडिश २९वा.

मला त्या दिवशी त्या चौघांकडे बघवत नव्हतं. कुणी कमी पडलं नाही, माणसं कमी पडली.

वाऱ्याची_दिशा

हे उदाहरण मला पटतंय, आणि माझ्या मताला धक्काही देतंय. गंमत म्हणजे त्याच्या आठवडाभर आधी शां-झेलिझेवर विगिन्सने पिवळ्या जर्सीत कॅव्हेंडिशसाठी ओढलं होतं, पुढे बोआसन हागनने नेलं आणि कॅव्हेंडिश जिंकला. पिवळी जर्सी दुसऱ्यासाठी वारा खाताना बघणं ही माझ्या सर्वांत आवडत्या दृश्यांपैकी एक.

सावली_चाकाची

महिलांच्या शर्यतीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून लॉग-इन केलं. मार्च २०२५, मिलान-सान रेमो ही इटलीतली एका दिवसाची शर्यत. एलिसा लोंगो बोर्गिनी शेवटी निसटली होती. लॉरेना वीबेस जगातली सर्वांत वेगवान स्प्रिंटर, पण पुढची पकडली नाही तर त्या वेगाचा उपयोग शून्य. अंतर भरून काढलं लोटे कोपेकीने, विश्वविजेतीच्या इंद्रधनुषी जर्सीत. कोपेकी स्वतः ही शर्यत जिंकू शकेल अशी खेळाडू आहे. तिने ओढलं, लोंगो बोर्गिनीला गाठलं, आणि वीबेसला सोडून दिलं. वीबेस पहिली, मारिआने फॉस दुसरी.

इथे ट्रेन नव्हती, लाल कमानीचा हिशेब नव्हता. एका मोठ्या खेळाडूने दोन मिनिटांत ठरवलं की आज माझी शर्यत नाही. व्हान डर पूल आणि फिलिपसनचंही तेच. २०२४ च्या सान रेमोमध्ये पोज्जिओच्या शेवटच्या चढावर हल्ले होत असताना व्हान डर पूल त्यांच्या मागे जात राहिला आणि शेवटी फिलिपसन जिंकला. असा निर्णय घेणारी माणसं संघात असणं मला माणसांच्या संख्येपेक्षा मोलाचं वाटतं.

घाटरस्ता

छान लिहिलंत. आणि आडव्या वाऱ्याचं काय, हेही कुणी घेतलं नाही. २०२५ च्या टूरचा पहिला टप्पा, लील. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये वाऱ्याने बंच फुटला. टिम मर्लिअर आणि मिलान हे स्प्रिंटर मागच्या गटात अडकले, फिलिपसन पुढे, टप्पा आणि पिवळी जर्सी दोन्ही त्याच्या अंगावर. त्या दिवशी लीड-आऊट २०० मीटरवर झालाच नाही. तो झाला रस्त्याची दिशा बदलली तिथे, आपल्या माणसाला पहिल्या वीसांत ठेवलं तेव्हा. दोन दिवसांनी तो पडला आणि शर्यतीबाहेर गेला. वाईट वाटलं.

केडन्स_९०

त्यानंतर त्याच संघाने शातोरूच्या टप्प्यावर काय केलं! स्प्रिंटर घरी गेलेला, तर व्हान डर पूल आणि योनास रिकार्ट सुरुवातीलाच दोघेच पळाले. १७० किलोमीटरहून जास्त पुढे. व्हान डर पूलला शेवटच्या किलोमीटरमध्ये पकडलं, ७०० मीटर उरले होते. जिंकला मर्लिअर. सरासरी वेग ५० च्या वर. पाठलाग करणाऱ्या स्प्रिंटर संघांची माणसं त्या दिवशी किती पिळली गेली असतील!

निळीसायकल

अपघातांचं बघून भीती वाटते हो. हे सगळं एवढ्या जवळून, एवढ्या वेगाने.

मागचं_चाक

भीती वाटायलाच हवी. २०२० ला पोलंडमध्ये कातोवित्सेला उतारावरच्या स्प्रिंटमध्ये फाबिओ याकोब्सन कठड्यावर आदळला. कसा वाचला याचं आजही नवल वाटतं. त्याला कठड्याकडे रेटणाऱ्या ग्रोनेवेखनला नऊ महिन्यांची बंदी झाली. २०१० च्या टूरमध्ये रेनशॉने ११व्या टप्प्यात ज्युलियन डीनला डोक्याने ढुशी दिली म्हणून शर्यतीतून काढलं होतं. त्यालाही मी काम म्हणणार नाही, मला रेनशॉ कितीही आवडत असला तरी.

काम संपल्यावर पायलटने काय करायचं हे शिकवलं गेलं पाहिजे. वेग एकदम टाकायचा नाही, रेष सोडायची नाही, मागून साठ-सत्तरच्या वेगाने माणसं येतायत. आनंदाने हात वर करायची जागा ती नव्हे. २०२५ पासून अशा धोकादायक वागण्याला पिवळी कार्डं आहेत, हे फार आधी यायला हवं होतं.

वाऱ्याची_दिशा

सगळं पुन्हा वाचून काढलं. माझं मत बदललंय, पूर्ण नाही. लांब ट्रेन संपलीय असं आता म्हणणार नाही. वळणांच्या शेवटाला आणि रिकाम्या रुंद रस्त्यावर वेगवेगळं लागतं हे पटलं. पायलट अव्वल असून पुरत नाही, त्याला कुणीतरी ताजा आणून द्यावा लागतो, हेही पटलं. व्हान डर पूलच्या २०२३ च्या टप्प्यांत मी रिकार्टकडे कधी बघितलंच नव्हतं. काल नोगारोचा शेवट पुन्हा लावला आणि या वेळी फिलिपसनला न बघता त्याच्या पुढच्या माणसांना बघत बसले.

मागचं_चाक

पुढच्या सपाट टप्प्याला एक करून बघा. दहा किलोमीटर उरले की एक स्प्रिंटर निवडा, आणि त्याच्यापासून पुढे तिसरा माणूस शोधा. त्याचा जर्सी क्रमांक लिहून ठेवा. तो कधी बाजूला होतो ते बघा, आणि त्या क्षणी किती मीटर उरलेत ते टिपा. हजारच्या आत असेल तर तुमचा स्प्रिंटर पहिल्या तिघांत येईल असं मी म्हणतो.

वाऱ्याची_दिशा

वही काढून ठेवली. मी मिलान घेते. कोन्सोन्नीच्या पुढे कोण असतो ते लिहीन इथे.

निळीसायकल

मी मर्लिअर.